चार दिवसांची साक्ष

दर्शना रहाटेच्या हाताखाली दोनशे बारा मनगटं होती. तालुक्याच्या कचेरीत माणसं विचारत नसत, मनगटं विचारत: "पावशेतची किती?" मग तीही तसंच सांगायची. दोनशे बारा मनगटं, तीन वाड्या, एक खाडी, आणि खाडीवर दर निवडणुकीत नारळ फुटणारा पण कधी न उगवणारा एक पूल.

प्रत्येक मनगटावर सरकारी बांगडी होती. कागदोपत्री तिचं नाव 'मातृकवच'. रंग हिरवा, कारण समितीत कुणीतरी सांगितलं होतं की सवाष्णीला हिरवा चुडा शोभतो. ज्या सवाष्णी नव्हत्या त्यांनाही हिरवाच मिळाला. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या बाईने बांगडी घातली की रेशन, एसटीचं अर्धं तिकीट आणि मुलीची शिष्यवृत्ती चालू; काढली की तासाभरात तिन्ही बंद. सक्ती मात्र मुळीच नव्हती.

बांगडीचं शास्त्र दर्शना दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकली होती आणि वाड्यांमधून ते चुलीच्या भाषेत सांगायची. महिन्याच्या मध्यावर बाईच्या पोटात बीज सुटतं. ते सुटलं की प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं आणि अंगाची ऊब किंचित चढते, अर्ध्या अंशाहूनही कमी. बाईला पत्ता लागत नाही, बांगडीला लागतो. गर्भ राहिला नाही तर बारा-चौदा दिवसांत संप्रेरक उतरतं, ऊब उतरते, पाळी येते. राहिला तर ऊब उतरतच नाही. सलग अठरा दिवस ती चढलेली दिसली की बांगडी काय ते समजते. "आधण चुलीवरून उतरलं नाही म्हणजे पाहुणा जेवूनच जाणार," असं दर्शना म्हणायची, आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

अठराव्या दिवशी नोंद व्हायची, आणि अभिनंदनाचा संदेश एकाच क्षणी तिघांना जायचा: बाईला, नवऱ्याला, कचेरीला. योजना तीन वर्षांची होती. आधी दर्शना घरोघर तपासणीच्या पट्ट्या घेऊन हिंडायची. गेल्या दिवाळीला बांगड्या आल्या आणि पट्ट्या परत गेल्या, औषधांच्या दुकानांतूनही गेल्या. पट्टी बाईला एकटीलाच सांगते, हा तिचा दोष ठरला.

योजनेने बायका वाचल्या नाहीत असं कुणी म्हणू नये. दर्शनाच्या वहीतच दोघी होत्या, ज्यांची जोखीम वेळेवर कळली आणि ज्यांना होडीतून पलीकडे नेता आलं. त्या अजून तिला दिवाळीचा फराळ पाठवत. पण नोंद झालेली बाई मूल नको म्हणाली, तर जिल्ह्याच्या मंडळापुढे अर्ज करायचा. नवऱ्याची सही, एकवीस दिवसांचं समुपदेशन, दोन डॉक्टरांचं मत, आणि हे सगळं नवव्या आठवड्याच्या आत. नोंद न झालेल्या बाईला अडवणारं कायद्यात काही नव्हतं, कारण अशी बाई शिल्लकच राहणार नाही असं कायदा करणाऱ्यांनी धरलं होतं. तीन वर्षांत दर्शनाने अकरा अर्ज भरून दिले. मंजूर दोन. त्यातल्या एकीचं मंजुरीपत्र घेऊन पोस्टमन आला तेव्हा घरात बारसं चालू होतं. त्याला घुगऱ्या मिळाल्या.

भाद्रपद लागला आणि दर्शनाने स्वतःचे दिवस मोजले. वरती चार झाले होते. ती एक्केचाळीस वर्षांची होती. मुलगी अन्वी तेराची. अन्वीच्या वेळी दर्शनाचं रक्त इतकं चढलं होतं की होडीतच झटके आले. पलीकडच्या डॉक्टर नाझनीन काझी यांनी त्यानंतर एकच वाक्य सांगितलं: पुन्हा नको. पण एका मुलीवर ऑपरेशन करायला नवरा संदेश तयार नव्हता; पुढे तो तयार झाला तेव्हा जन्मदर घसरला म्हणून सरकार तयार नव्हतं.

चार दिवस उशीर म्हणजे वयाचं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. हेच वाक्य ऐकवून शेजारच्या चाळिशीच्या बायकांना तिने कितीदा घरी पाठवलं होतं. आणि त्यांतल्या अर्ध्या जणी पुढच्या महिन्यात काय घेऊन आल्या होत्या, तेही तिच्या वहीत होतं. पण स्वतःच्या बाबतीत वही उघडायची तिला घाई नव्हती. शिवाय गौरी तोंडावर आल्या होत्या आणि दारात गोळ्यांसाठी रांग होती.

गोळ्या म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या. पावशेतमधून पाळीचं बाजूला बसणं पंधरा वर्षांपूर्वी गेलं, आणि ते दर्शनाने घालवलं. घरोघर भांडून, सासवांचे शिव्याशाप पदरात घेऊन, आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या घरी. तिची सासू शेवंती त्या काळात सहा महिने तिच्या हातचं पाणी प्यायली नव्हती. पण बाजूला बसणं गेलं तरी देवाजवळ न जाणं राहिलं. आणि यंदा गौरीचा ओवसा होता. गौर दरवर्षी येते, पण नव्या सुनेने भरलेलं सूप घेऊन गौरीपुढे बसायचा पहिला ओवसा नक्षत्राचा योग असेल त्याच वर्षी होतो. तीन वर्षं योग आला नव्हता. तीन वर्षांच्या साचलेल्या सुना सुपं घेऊन तयार होत्या, आणि एकीचीही पाळी त्या दिवसांत येऊन चालणार नव्हतं.

त्यात मृणाली धनावडे होती, वैशाखात लग्न झालेली. तिने गोळ्या घेतल्या आणि हळूच विचारलं, यांनी काही बिघडत नाही ना? दर्शनाने सांगितलं, काही नाही, पाळी आठ-दहा दिवस उशिरा येते एवढंच. हे अगदी खरं होतं. माणसापुरतं.

गौरी घरात आल्या त्या सकाळी दर्शनाचा फोन वाजायला लागला आणि थांबेना. एरवी पावशेतला महिन्याला दोन नोंदी होत. त्या आठवड्यात सदतीस झाल्या. कचेरीतून अभिनंदनाचा फोन आला. जिल्ह्यात पावशेत पहिलं होतं. दर्शनाने यादी खाली सरकवली. मग कपाटातली गोळ्यांची वही काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. छत्तीस नावं तीच होती.

गोळी म्हणजे तरी काय, त्याच संप्रेरकाची कारखान्यातली बहीण. ती घेतली की ऊब चढलेलीच राहते, म्हणून तर पाळी थांबते. आधण कुणी उतरवलंच नव्हतं, आणि बांगडीने पाहुणा मोजला होता. बांगडी बनवणारे हुशार लोक होते. त्यांनी हजारो बायकांच्या अंगाची ऊब अभ्यासली होती, पण त्यांच्यातल्या कुणालाच कधी गौरीपुढे सूप घेऊन बसायचं नव्हतं.

हे झालं छत्तिसांचं. सदतिसावं नाव दर्शना संदेश रहाटे. तिने गोळी घेतली नव्हती. पाळीतही देवाला शिवणाऱ्या बाईने ती घेतली असती तर गावाने तोंडात बोटं घातली असती.

संदेश जेट्टीवरच्या बर्फाच्या कारखान्यातून दुपारीच घरी आला, हातात सुरमई. गणपती घरात असताना सुरमई आणली म्हणून शेवंतीने त्याला दारातच उभं केलं, तेव्हा तो ओशाळून हसला आणि ती शेजाऱ्याकडे देऊन आला. संदेश वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो म्हणाला, आता बांगडी आहे, सगळं आधी कळतं, तेव्हासारखं होणार नाही. मग दोन पावलं जाऊन परत आला आणि म्हणाला, "मुलगाच पाहिजे असं नाय हां माझं." एवढं मनातलं त्याने एका दमात सांगून टाकलं.

दर्शनाने मंडळाच्या अर्जावरच्या नवऱ्याच्या सहीची जागा आठवली. ती रिकामी चौकट तिने अकरा वेळा पाहिली होती.

गौरी गेल्या, गोळ्या थांबल्या, आणि तीन-चार दिवसांत छत्तिसांना पाळी आली. बांगड्यांवर ऊब धाडकन उतरली. यादीत एकेक नाव लाल होऊ लागलं: 'गर्भ खंडित, चौकशी प्रलंबित'. धनावड्यांनी मृणालीच्या नोंदीचे पेढे वाटले होते. आता तिच्या सासूने तिला एवढंच विचारलं, की काय खाल्लंस आणि कुणी दिलं. मृणालीने दर्शनाचं नाव सांगितलं. खरं तेच सांगितलं बिचारीने.

तालुक्याचे समन्वयक निरंजन सरनोबत अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी होडीतून उतरले. तरुण, पुण्याचे, सभ्य. चप्पल बाहेर काढून आत आले. दर्शनाने दोन्ही वह्या पुढे केल्या आणि ऊब, गोळी, गौर असं सगळं ओळीने सांगितलं. त्यांना ते चटकन पटलं. पण पटणं आणि नाव पुसणं यात तालुका आणि जिल्ह्याएवढं अंतर होतं. यंत्रणेत नोंद पुसायची सोयच नव्हती. ती फक्त पुराव्याने बंद करता येत असे. ते म्हणाले, या बायकांचं बांगडीवाचन महिनाभर थांबवता येईल, गोळ्यांनी ते बिघडलंच आहे. पण मग यांना नुसती पाळीच आली, दुसरं काही झालं नाही, हे सांगणार कोण? रक्त तपासून उपयोग नव्हता. जिचं होतं आणि गेलं, आणि जिचं नव्हतंच, दोघींचं रक्त थोड्या दिवसांनी सारखंच बोलतं.

मग ते यादीवर बोट फिरवत शेवटी आले. "तुमचं नाव लाल झालेलं नाही, ताई."

दर्शनाने उत्तर तीन दिवस घोकलं होतं. तिच्या घरचा गणपती अनंताचा, गौरींबरोबर जात नाही; त्यामुळे तिच्या गोळ्या अजून चालू आहेत. परवा थांबतील.

सरनोबतांनी मान डोलावली. पुण्याच्या माणसाला एवढं पुरे होतं. पण पुराव्याची अडचण तशीच होती, आणि ते टॅबलेट बंद करून उठायच्या बेतात दिसले. नाव सदतीस बायकांचं अडकलं होतं, त्यात मृणाली होती. पण खोटं कशाला, त्या क्षणी दर्शनाला एकच नाव दिसत होतं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"आमच्याकडे बायका बाजूला बसतात, साहेब. चार दिवस, मागच्या पडवीत. घरातल्या म्हाताऱ्या बाईला बरोबर माहीत असतं. ती सही देईल."

सरनोबत पुन्हा बसले. चेहरा उजळला. म्हणजे गावात निरीक्षणाची परंपरागत पद्धत आहे तर, असं म्हणत त्यांनी ते लिहून घेतलं, आणि शीर्षक दिलं: 'लोकसहभागातून पडताळणी'. पंधरा वर्षांपूर्वी हीच गोष्ट घालवल्याबद्दल दर्शनाला याच कचेरीने दिलेलं प्रशस्तिपत्रक त्यांच्या डोक्यावरच भिंतीला टांगलेलं होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

छत्तीस घरांतल्या सासवांनी दोन दिवसांत सह्या, अंगठे दिले; पाळी खरी होती, बसण्याचं कुणी मनावर घेतलं नाही. मृणालीच्या सासूने तर साक्ष देताना डोळे पुसले. सुनेवर घेतलेल्या आळाची लाज की पेढ्यांची हळहळ, ते दर्शनाने विचारलं नाही. उरला एक कागद. तो घेऊन ती शेवंतीपुढे बसली. शेवंती गणपतीच्या विसर्जनानंतरची आरास उतरवत होती.

शेवंती अक्षर न् अक्षर बोटाखाली धरून वाचायची. तिने कागद वाचला. 'सदर स्त्री पाळीच्या काळात चार दिवस वेगळी बसली होती, हे मी समक्ष पाहिले.' मग चष्मा काढला.

"गोळ्या तू घेतल्यास?"

दर्शनाने आराशीची एक माळ गुंडाळायला घेतली.

"माझ्या घरात पंधरा वर्सं तू देवाला न्हाऊन शिवलीस, पाळीत शिवलीस. आणि आता गोळ्या." शेवंतीच्या आवाजात राग नव्हता, जुना हिशेब वाचल्यासारखा सूर होता. "पाळी आली न्हाय तुला. तुझे कपडे दोरीवर मी बघते, गो."

"नाही आली."

"संदेशला ठावं हाय, तू काय करतेस ते?"

"त्याला मूल हवंय, आई."

शेवंतीने मखराचा कागद घडी करून ठेवला. मग म्हणाली, "होडीत तुझ्या दातांत चमचा मी धरला होता. त्याने न्हाय. तो पुढं बसून रडत होता."

अनंताच्या मागोमाग घर कसं रिकामं वाटतं, तसं ते वाटत होतं. शेवटी शेवंतीने आपली अट सांगितली, आणि ती सांगताना तिला काही लपवायचं नव्हतं. खोट्यावर ती सही करणार नव्हती. पण कागद विचारतो तो बसण्याबद्दल. रक्ताबद्दल विचारत नाही. दर्शना चार दिवस मागच्या पडवीत बसली, तर ती बसली असं लिहायला शेवंतीला कसली भीती? "मात्र बसायचं ते खरं बसायचं. आणि मग या घरात पाळायचं. माझे डोळे मिटेपर्यंत. सगळ्या बायकांनी."

सगळ्या बायका म्हणजे किती, हे मोजायला दर्शनाला वही लागली नाही. शेवंतीचं वय उलटलं होतं. उरल्या दर्शना स्वतः, आणि अन्वी.

"बरं," ती म्हणाली.

चार दिवस दर्शना मागच्या पडवीत गोणपाटावर बसली. जेवणाचं ताट शेवंती उंबऱ्याआतून सरकवायची. कुंपणापलीकडून जाणाऱ्या बायका थबकायच्या; कुणी हसायची, कुणी नजर चुकवायची. एक म्हातारी मुद्दाम काठी टेकत आली आणि म्हणाली, काय गो, आमच्या सुनांना तू आत घेतलंस, आणि आता तूच भाईर? दर्शनाने सांगितलं, सरकारी काम आहे. ते खोटंही नव्हतं. संदेश दोन दिवस खाली मान घालून वावरला, मग कारखान्यात जास्तीची पाळी मागून घेतली. बांगडीची चूक होती, असं त्याने सोबत्यांना सांगितलं. आणि स्वतःच्या मनाला काय सांगितलं ते त्याला ठाऊक. अन्वी तेवढी पडवीत येऊन शेजारी बसायला बघायची, तिला आजी हाक मारून आत न्यायची.

पाचव्या दिवशी शेवंतीने सही केली. दोन दिवसांनी नोंद बंद झाली आणि दर्शनाचं नाव हिरवं झालं. ती खाडी ओलांडून डॉक्टर काझींकडे गेली. त्यांनी पडद्यावरचं हिरवं नाव पाहिलं, मग दर्शनाच्या दंडावरचं रक्तदाबाचं यंत्र पाहिलं, आणि काही न विचारता दार लावून घेतलं. ती निघताना त्या फक्त म्हणाल्या, "किती बायकांना मी परत पाठवते, ठाऊक आहे? नोंद असते म्हणून." दर्शनाला ठाऊक होतं. त्यांतल्या बऱ्याच जणींची नोंद तिनेच केली होती.

एवढ्यावर संपतं तर बरं होतं. पण सरनोबतांचा अहवाल तालुक्याहून जिल्ह्याला गेला आणि जिल्ह्याहून वर. असा नमुनेदार उपाय वरच्यांना कुठे मिळतो? खर्च शून्य. दिवाळीच्या आधी परिपत्रक आलं. बांगडीच्या वाचनाबाबत शंका उद्भवल्यास, स्त्री पाळीत वेगळी बसल्याची घरातील ज्येष्ठ स्त्रीची साक्ष ग्राह्य धरावी. साक्ष नसल्यास चौकशी व्हावी.

शंका कधी उद्भवेल ते कुणी सांगावं? पाळी चार दिवस मागेपुढे झाली, ताप आला, ऊब चढली, तर ऐनवेळी साक्ष कुठून आणायची? म्हणून ती दर महिन्याला तयार ठेवलेली बरी. कुणी सक्ती केली नाही. धनावड्यांच्या पडवीत मृणाली बसली, तिच्याशेजारच्या घरात तिची जाऊ. कार्तिक सरेपर्यंत तिन्ही वाड्यांतल्या मागच्या पडव्या झाडून झाल्या होत्या. दर्शनाच्या नोंदवहीत कचेरीने दोन नवे रकाने आखून पाठवले: 'कोठे बसली' आणि 'साक्षीदार'. बायका आपणहून येऊन भरून घ्यायच्या आणि तिचे उपकार मानायच्या. ताईंनी वाट काढली म्हणून, नाहीतर छत्तीस घरं बसली असती. दर्शना मान खाली घालून लिहायची. तिच्या बांगडीचा थांबवलेला महिना सरला होता; आता तीही पुन्हा मोजली जात होती.

मार्गशीर्षात, शाळेतून आल्यावर, अन्वीला पहिल्यांदा पाळी आली. तिला सगळं माहीत होतं. आईनेच आकृत्या काढून शिकवलं होतं. ती न घाबरता सांगायला स्वयंपाकघरात आली, आणि शेवंतीने तिला उंबऱ्यावरच थांबवलं. मायेनेच. तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली, गूळ-खोबरं दिलं, आणि पडवीत गोणपाट पसरलं. वर नवी गोधडी घातली, नातीसाठी शिवलेली.

अन्वी बसली नाही. पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली आणि आईकडे बघू लागली. "तूच म्हणतेस ना, यात काही नसतं?"

"नसतंच," दर्शना म्हणाली.

"मग?"

शेवंती आत तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण सुपाचा आवाज थांबला. तो कुणासाठी थांबला आहे ते दर्शनाला कळलं.

"बस," ती लेकीला म्हणाली. "थोडेच दिवस."

"किती?"

दर्शना माणसं मोजायची नाही, पण आकडे तिला चुकवता आले नसते. तेराव्या वर्षापासून पंचेचाळीसपर्यंत बत्तीस वर्षं. वर्षाचे बारा महिने, महिन्याचे चार दिवस. एक हजार पाचशे छत्तीस. सलग बसली तर चार वर्षं आणि वर अडीच महिने. तिने स्वतः चार दिवस घेतले होते.

"चार," ती म्हणाली.

अन्वी गोधडीवर टेकली. आत सुपातले तांदूळ पुन्हा वाजू लागले.